वॉर्डाचं दार

धारवाडच्या मळमड्डीत अप्पा लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मार्था दक्षिण सुदानमधल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथं पुन्हा गोळीबार सुरू होता. "उद्याच्या विमानानं ये, बाळा," अप्पा विनवत होते. तेवढ्यात तिकडे दवाखान्याचं दार आदळलं. मार्थानं फोन खिडकीत ठेवला. एक बंदूकधारी जखमी शत्रूला शोधत आला होता. वॉर्डाच्या दारात उभी राहून ती त्याच्या भाषेत शांतपणे काहीतरी म्हणाली. तो घुटमळला. बंदूक भिंतीला टेकवून त्यानं बूट काढले. टाच चिघळली होती. मार्थानं त्याला बाकावर बसवून जखम धुतली, पट्टी बांधली. बंदूक उचलून तो वॉर्डात न शिरताच निघून गेला. "काय म्हणालीस गं त्याला?" अप्पांनी विचारलं. "आत बाळंतिणी आहेत, बूट काढ म्हटलं." अप्पांनी डोळे पुसले. विमानाचं नाव न काढता विचारलं, "सांग, इथून काय पाठवू?"