खालचा मजला

दुपारी तीन वाजता शहरदर्शनाची दुमजली बस घंटाघराच्या चौकातून सुटली आणि पहिल्याच वळणावर ड्रायव्हरने मुद्दाम करकचून ब्रेक मारला. वरच्या उघड्या मजल्यावर माइक धरून उभी असलेली गाइड कठड्यावर आदळली. प्रवासी हसले. तीही हसली आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने माइकमध्ये आपल्या भाषेत म्हणाली, "दादा, माझी हाडं मोडलीस तरी आईला आज तूच नेणार आहेस."

वरचे प्रवासी सगळे परदेशी. त्यांना या भाषेचा गंध नव्हता. घंटाघराविषयीच काहीतरी असेल, असं समजून एकाने आदराने मान डोलावली.

ड्रायव्हर तिचा सख्खा थोरला भाऊ. आईने तीन महिने बहिणीकडे, तीन महिने भावाकडे राहायचं, असं ठरलेलं. आज बहिणीची पाळी संपत होती. सकाळी निघताना तिने आईची निळी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. "दादा संध्याकाळी न्यायला येईल," असं सांगून ती कामावर आली, आणि डेपोत दादाने हात वर केले. "या खेपेला नाही जमणार," एवढं म्हणून तो केबिनमध्ये चढला आणि त्याने दार ओढून घेतलं. तेव्हापासून भांडण हे असं चाललं होतं. तिच्याकडे माइक होता, त्याच्याकडे ब्रेक. स्पीकर केबिनमध्येही होता आणि तो बंद करायची सोय नव्हती.

न्यायालय आलं. तिने खांब सांगितले, घुमट सांगितला. मग त्याच सुरात म्हणाली, "नीट बघून ठेव, दादा. इथे भेटायची वेळ आणू नकोस. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी करवलं, थेंब मी घातले, रात्री मी जागले. तुझी बायको फोनवर 'कशा आहेत' म्हणून विचारते. तेवढं तर शेजारीणही विचारते."

ब्रेक. एका बाईची टोपी उडाली. सगळे पुन्हा हसले.

पुलावर बस संथ झाली. नदी सांगून झाल्यावर तिचा आवाज जरा खाली आला. "माझ्या नवऱ्याने शेवटचं सांगितलंय. आज आईची पिशवी घराबाहेर गेली नाही, तर माझी जाईल. आता बोल."

तो कुठून बोलणार? त्याने पूल संपेपर्यंत हॉर्न दाबून धरला.

मग संग्रहालय आलं. इथे बस थांबते, प्रवासी आत जाऊन येतात. तिने आधी त्यांच्या भाषेत मूर्ती, नाणी आणि राजांची शस्त्रं सांगितली. मग माइक तोंडाजवळ नेला. "आणि दादा, इथे जुन्या वस्तू फुकट सांभाळतात. उतरून विचारून ये, आईला ठेवून घेतात का."

स्वतःच्याच विनोदावर ती खळखळून हसली. ती हसली म्हणून प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे उतरल्यावर ती खाली आली आणि थेट केबिनच्या खिडकीशी गेली.

"मी दीड खोलीत राहतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्याकडे गच्ची आहे."

"मग गच्चीत ठेवू आईला? कुंडीत लावू?"

"लाव. पाणी घालायला येईन अधूनमधून."

तिने खिडकीच्या काचेवर थाप मारली. तो बाटलीतलं पाणी प्यायला.  परतणारे प्रवासी वर चढू लागले तेव्हा ती तोंडावर पुन्हा हसू आणून मागच्या दाराशी गेली. तिथे नवा तिकीट तपासनीस माणसं मोजत होता.

"एक कमी आहे," तो म्हणाला. "खालच्या आजी आल्या नाहीत."

"खाली कोण बसतं? वरचं सगळं सोडून?"

"तेच मी म्हटलं. म्हटलं, आजी, वर जा, शहर दिसेल. म्हणाल्या, 'डोळ्यांनी दिसत नाही रे नीट. ऐकू येतंय तेवढं पुरे.' मग मीच त्यांना स्पीकरखाली बसवलं. काळा चष्मा होता. मांडीवर निळी पिशवी."

 गाइडने केबिनकडे पाहिलं. तिच्या हातातला माइक चालूच होता; ड्रायव्हरने ते सगळं ऐकलं होतं. तो खाली उतरला होता आणि केबिनचं दार त्याने उघडंच टाकलं होतं.

संग्रहालयाच्या दाराशी सामान ठेवायची खिडकी आहे. तिथल्या कारकुनासमोर फळीवर निळी पिशवी होती. तिचा तुटलेला बंद गाइडनेच पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता. पलीकडे हाकेच्या अंतरावर, बाकावर आई बसली होती. चपला काढून ठेवलेल्या, काळा चष्मा त्यांच्याच दिशेने.

"तुम्हीच का त्यांची मुलं?" कारकुनाने विचारलं. "टोकन घ्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, 'दोघं येतील. पिशवी आधी जो उचलेल, त्याच्याबरोबर मी जाईन.' उचला लवकर, पाचला खिडकी बंद होते."

ड्रायव्हरच्या हातात बसची किल्ली होती. गाइडच्या हातात अजून माइक होता. धावताना तो तसाच राहिला होता.

"उचल ना," तो हळूच म्हणाला.

"तू मोठा आहेस," ती त्याहून हळू म्हणाली.

कारकुनाने दोघांकडे पाहिलं. मग खिडकीचं एक दार लोटून घेतलं.

पिशवी फळीवरच होती. बाकाशी आई पायाने चाचपत होती. तिला एक चप्पल सापडली. मग दुसरी.