दोन तासांची हजेरी

"एवढ्या कागदावर सही करा, कुलूपकाका, की विषय संपला," साहेब म्हणाले.

नगरपालिकेच्या भांडाराची चावी सत्तावीस वर्षं सांभाळणाऱ्या या माणसाला सगळं ऑफिस कुलूपकाका म्हणत असे. टाचण्यांची डबीसुद्धा ते सही घेतल्याशिवाय कुणाला देत नसत. समोर खुर्ची रिकामी असूनही ते उभेच होते. शेजारी लेखापाल होता, तो जमिनीकडे बघत होता.

काकांनी कागद वाचला. 'वर्षअखेरीच्या दिवशी मी रजेवर असलो, तरी तातडीचे काम निघाल्याने दुपारी तीन ते पाच या वेळेत कार्यालयात हजर राहून पाणी तपासण्याची सहा यंत्रे मोजून ताब्यात घेतली.' खाली त्यांचं नाव, त्यावर सहीपुरती रिकामी जागा.

यंत्रं केंद्राच्या अनुदानातली होती. वर्ष संपायच्या आत माल आलेला दिसला नाही, तर अनुदान परत जातं. कारखान्याने उशीर केला आणि यंत्रं आली दोन महिन्यांनी. आता ती सहाही पाण्याच्या टाकीवर रोज वापरात होती. पण माल मिळाल्याच्या पावतीवर तारीख होती वर्षअखेरीची आणि सही काकांची. ऑडिटरबाईंनी पावतीशेजारी हजेरीपट ठेवला. सही करणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता.

रजेवर जाताना काकांनी दहा कोऱ्या पावत्यांवर सह्या करून त्या लेखापालाच्या हाती दिल्या होत्या. आपल्यापायी कुणाचं काम अडू नये म्हणून. सत्तावीस वर्षांत एकदाच.

"खरं सांगितलं तर?" काकांनी विचारलं.

"काय सांगणार? कोऱ्या पावत्यांवर सह्या दिल्या, हे?" साहेबांचा आवाज चढला नाही. "मग तुम्ही जाल, हा जाईल. तुमचे चार महिने राहिलेत निवृत्तीला, पेन्शन अडकेल. अनुदान परत करावं लागेल ते वेगळंच, आणि पुढचा हप्ता बंद. खालच्या वस्तीची पाइपलाइन त्या हप्त्यात आहे. कुणी एक पैसा खाल्लेला नाही, हे मला माहीत आहे. बाईंनाही कळतंय. पण त्यांना कागद लागतो."

"त्या दिवशी मी दवाखान्यात होतो, साहेब."

"ते आम्हाला माहीत आहे, काका. कागदाला कुठं माहीत आहे?"

लेखापाल पुटपुटला, "तारीख मी टाकली. हवं तर माझं नाव सांगा, काका."

"ते सांगायला कशाला हवं? असलं कोंबडीचे पाय अक्षर तुझ्याशिवाय कुणाचं असणार? गप उभा राहा."

लेखापाल हसला नाही. काकांची बायको दवाखान्यात होती ते वीस दिवस रोज दुपारी तो डबा घेऊन यायचा. लिफ्ट बंद असली तर चार जिने चढून यायचा. बाहेरच्या बाकावर बसून काका जेवेपर्यंत थांबायचा, आणि भाजी उरली तर रागवायचा.

काकांनी पुन्हा कागद वाचला. मग बोट ठेवून म्हणाले, "वेळ बदलता येईल का? दहा ते बारा करा."

"सकाळी सगळ्यांच्या सह्या आहेत हजेरीपटावर. तुमची नाही. सकाळी आलात तर सही का केली नाही, असं त्या विचारतील. दुपारीच बसतं ते."

"दुपारी नको."

"का?"

"ती चारला गेली."

साहेबही त्या संध्याकाळी स्मशानात आले होते. खिशातून पेन काढून त्यांनी टोपण उघडलं आणि पेन काकांच्या बाजूला सरकवलं.

"चार वाजून दहा मिनिटांनी," काका म्हणाले. "हात माझ्या हातात होता."

काकांनी पेन घेतलं. सही नेहमीसारखीच आली, खालच्या रेघेसकट.

ऑडिटरबाई शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी काकांना बसायला सांगितलं आणि कागद सावकाश वाचला. लेखापाल दारात थांबला.

"तीनला आलात?"

"हो."

"यंत्रं तुम्ही स्वतः मोजलीत?"

"सहा होती."

"आणि पाचला गेलात."

"हो, पाचला."

बाईंनी आपल्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि आक्षेपासमोर बरोबरची खूण केली. मग बाईंनी फाइलमधला रजेचा अर्ज उलटला आणि चष्मा काढला.

"पत्नी आजारी, असं लिहिलंय तुम्ही. आणि तशातही तुम्हाला इथे यावं लागलं." त्यांचा आवाज बदलला होता. "आता कशा आहेत त्या?"

लेखापालाने दाराची चौकट धरली. गेली म्हटलं, की बाई कधी ते विचारणार होत्या.

"बरी आहे आता," काका म्हणाले.

शब्द अडले नाहीत. दवाखान्यातले वीस दिवस, मुलीचा फोन आला की त्यांना हेच म्हणायचं असायचं.

"उठून बसते," ते म्हणाले. "जेवण जातं थोडं थोडं. परवा खिडकीपर्यंत चालत गेली. एकटी."

"छान झालं," बाई हसून म्हणाल्या. "जपा त्यांना." आणि त्यांनी फाइल मिटली.

काका उठले नाहीत. बाई आणखी काही विचारतील म्हणून ते बसून राहिले.