स्वच्छ नमुना

बांधावर सात बाटल्या होत्या: चार फिकट पिवळ्या, दोन गडद, एक अगदी स्वच्छ. ज्याची लघवी गडद, त्याच्या अंगात पाणी कमी. त्यानं उन्हात पळायचं नाही, असा निवृत्त सुभेदार हबीबचाचांचा फौजी नियम होता. बोंडअळीनं कपाशी खाल्ल्यापासून गावातली पोरं सैन्यभरतीसाठी त्यांच्याकडे पळायला येत. प्रेमला वयामुळे ही शेवटचीच भरती होती. स्वच्छ बाटली त्याची.

"काय बे, एवढी साफ? आत्ताचीच हाये ना?"

"हाव चाचा, आत्ताचीच! सकाळपासून पाणीच पिऊन राह्यलो."

"मंग अजून अंगाएवढी गरम असंन," म्हणत चाचांनी शून्य ते शंभर अंशांचा लांब थर्मामीटर बाटलीत सोडला.



पारा तेवीस अंशांवर थांबला.