काठावरचं घड्याळ

"पुन्हा एकदा बघा ना, डॉक्टर," ती म्हणाली.

दातांच्या डॉक्टरांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता जुनी मनगटी घड्याळं जमवायची हा एकच नाद उरला होता. खिडकीपाशी टेबलावर फडकं पसरून त्यांनी तिचं घड्याळ पालथं ठेवलं होतं. हातात दात तपासायचीच बारीक सळई होती.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती. धरणाचं पाणी यंदा कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. पाणबुडे उतरायला तयार होते, पण पैसे आधी हवे होते, आणि पाणी चढायला लागलं की सगळंच मुसळ केरात. नवऱ्याचे कपडे, चपला आणि हे घड्याळ काठावर सापडलं, त्याला तीन वर्षं होत आली. तो तेवढा सापडला नव्हता. सासूबाई अजून रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी रडायची नाही," म्हणत. त्या माउलीला एकदाचं रडता यावं म्हणून ती त्याची शेवटची वस्तू विकायला निघाली होती.

"वाईट वाटून घेऊ नका, ताई," डॉक्टर म्हणाले. "हे नकली आहे."

"असं कसं? त्याच्या आजोबांचं आहे हो! मागे त्यांच्या नावाची अक्षरं आहेत. आणि हा पोचा बघा, ते सायकलवरून पडले तेव्हाचा. घरात लहानथोरांना पाठ आहे ती गोष्ट."

"अक्षरं आहेत. पोचाही आहे." त्यांनी भिंग काढून तिच्यापुढे सरकवलं. "पण काटे बघा आणि आकडे बघा. अंधारात चमकणारा रंग म्हातारा झाला की दोन्ही बरोबरीने तांबूस पडतात. इथे काट्यांचा रंग वेगळा, आकड्यांचा वेगळा. हे म्हातारपण कुंचल्याने आणलंय. आतलं मशीन तर कालपरवाचं. आणि रस्त्यावर पडलेल्या घड्याळाची कड खरवडते. हा पोचा एका ठोक्यात बसवलाय."

तिने भिंगातून आधी काटे पाहिले, मग आकडे.

"ज्याने केलं त्याच्यासमोर अस्सल घड्याळ होतं," डॉक्टर म्हणाले. "कधी घराबाहेर गेलं होतं?"

"दुरुस्तीला. काच बदलायला. तो जायच्या थोडंच आधी."

डॉक्टरांनी झाकण बसवलं. कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहून दिला. "इतका साफ हात माझ्या माहितीत एकाचाच. माणूस लबाड वाटला नाही कधी. पण कुणाच्या पोटात काय असतं, सांगावं कुणी!"

बस दुसऱ्या शहरात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात घण पडत होते. तीन वर्षं जे उशाशी घेऊन झोपले, कानाला लावून ज्याची टिकटिक ऐकली, ती एका चोराची करणी! आता पाणबुडे नाहीत. घरी जाऊन सासूबाईंना काय तोंड दाखवायचं?

दुकान जिन्याखाली होतं, एका माणसापुरतं. म्हातारा घड्याळजी दिव्याखाली वाकून बसला होता. तिने घड्याळ काचेवर आपटलं.

"हे तुम्ही केलंत?"

त्याने उलटसुलट करून पाहिलं. चेहरा खुलला. "मीच. छान जमलंय, नाही?"

"आणि अस्सल कुठाय?"

"ज्यांचं आहे त्यांच्याकडे."

"म्हणजे विकलंत!" तिचा आवाज चिरकला. "काच बदलायला दिलं आणि विकून मोकळे झालात? लाज नाही वाटत? माझी सासू ताट झाकून बसलीय घरी, आणि तुम्ही..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. तिने काउंटर घट्ट धरला. "पाया पडते तुमच्या, काका. कुणाला विकलंत तेवढं सांगा. मी परत मागून आणीन. मला ते फार गरजेचं आहे हो."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "बाई, जन्म गेला या दिव्याखाली. चोर कुणी म्हटलं नव्हतं. नक्कल मला करायला सांगितली, मी केली. दोन्ही घड्याळं मोजून हातात दिली. थांबा, तुमच्यासमोरच विचारतो त्यांना."

त्याने फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन काचेवर दोघांच्या मध्ये ठेवला. तिने पदराने डोळे पुसले, घसा साफ केला. त्या परक्या माणसाची कशी विनवणी करायची, ते ती मनात जुळवू लागली.

"बोला काका, पट्टा आला का?" पलीकडून तिचा नवरा म्हणाला.