सात चाळीसची भिंगरी

७:३१

कागद आला नव्हता.

तिने कानांवरचे हेडफोन अर्धे सरकवले आणि काचेपलीकडे पाहून हात उडवला. काचेमागे निर्माता बसला होता. सगळं स्टेशन त्याला चष्मा म्हणायचं. त्याने दोन्ही रिकामे तळवे दाखवले.

गाणं संपायला तीन मिनिटं. 'आमची भिंगरी'ला नऊ.

सकाळच्या कार्यक्रमामुळे अख्खं शहर तिला ताई म्हणायचं, आणि भिंगरी म्हणजे ताईंची पंधरा वर्षांची लेक. रेडिओवरची. घरातली लेक तीन महिन्यांपासून बोलत नव्हती.

कारणही रेडिओच. वर्गातल्या एका मुलाचा विसरलेला रुमाल पोरीने उशीखाली जपून ठेवलाय, हे हिने हसत हसत सांगून टाकलं. त्या मुलाची आई श्रोती निघाली. दुपारी पोर शाळेतून आली ती तोंडाला कुलूप घालूनच. तेव्हापासून 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर घर चाललं होतं.

तिने शपथ घेतली होती. घरातलं अवाक्षर बाहेर नाही. पण लोक रेडिओ लावायचे ते भिंगरीसाठी. भिंगरी गेली, तर मोठे साहेब तिलाही घालवणार.

मग एका श्रोत्याच्या ईमेल यायला लागल्या. रोज एक बनवलेली गोष्ट. चष्मा ती कागदावर छापून आत द्यायचा. नाव नको, भेट नको.

"निवृत्त मास्तर असणार," चष्मा म्हणायचा. "एक वेलांटी चुकत नाही. आणि घरात चार पोरी असणार. त्याशिवाय एवढा छळ सुचत नाही माणसाला."

'आई डाएटवर असली की फ्रीजचं दार इतकं हळू उघडते, की आतल्या दिव्यालाही पत्ता लागत नाही.' हे कागदावरच्या भिंगरीचं. बेरकी, तोंडाळ, आईला खिशात घालून फिरणारी. वाचताना तिला हेवा वाटायचा. भिंगरीचा नव्हे, भिंगरीच्या आईचा.

७:३४

"हवेत गारवा आहे, रस्ते मोकळे आहेत, आणि तुम्ही अजून पांघरुणात आहात. मला सगळं दिसतंय हं!"

माइक बंद.

"अरे, मास्तर झोपले की गेले?"

"ईमेल आलीय, ताई. पण गोष्ट नाहीये."

"मग काय पाठवलंय? तांदूळ निवडायची कृती?"

चष्म्याने वाचून दाखवलं. "'आज भिंगरीला सुट्टी द्या. ताईंनी आज काहीच सांगू नये. उद्यापासून पुन्हा पाठवीन.'"

"सुट्टी! आणि मी काय करू? शिट्टी वाजवू?"

"दोन गाणी लावू सलग. मी म्हणेन मशीन अडकलं."

"साहेब बघ कुठे बसलेत."

साहेब चष्म्याच्याच पाठीमागे बसले होते, हाताची घडी घालून.

७:३७

जाहिराती.

मास्तरांचं ऐकायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. गेल्या आठवड्यात तिनेच चष्म्याकरवी विचारलं होतं, खऱ्या पोरीला बोलतं कसं करायचं? उत्तर आलं, 'प्रश्न विचारू नका. शेजारी बसा. मटार सोला.'

तिने सोलले. पाच संध्याकाळी. घरात मटारशिवाय दुसरं काही शिजेना. नवरा म्हणाला, "मी आता हिरवा व्हायचा बाकी आहे."

आणि काल पोर येऊन समोर बसली. मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"आई, त्या मुली चिडवतात ना, त्यांना काय उत्तर द्यायचं ते मी आरशासमोर म्हणून बघते. तिथे सगळं येतं. शाळेत गेलं की जीभच अडकते."

"मग गं?"

"मग काही नाही. फक्त तुला सांगितलं."

तीन महिन्यांनी इतके शब्द. रात्रभर तिने ते वाक्य गोड खाऊसारखं पुरवून पुरवून आठवलं.

७:४०

भिंगरीची धून वाजली. संपली.

एक सेकंद. दोन. रेडिओवर तीन सेकंद गप्प राहिलं की लोकांना स्टेशन मेल्यासारखं वाटतं. काचेमागे साहेब उभे राहिले.

तिच्याकडे एकच गोष्ट होती. कालची, अजून गरम असलेली.

नाव थोडंच घेतेय, तिने मनाशी म्हटलं. आणि प्रेमानेच सांगतेय.

"आमची भिंगरी ना," ती म्हणाली, "सध्या आरशाशी भांडते."

पुढचं आपोआप आलं. अडकणारी जीभसुद्धा तिने करून दाखवली, आणि मग आवाज हळवा केला, कुठे करायचा ते तिला पक्कं माहीत होतं. फोनचे सगळे दिवे पेटले. एक आजी रडल्या. साहेबांनी काचेवर अंगठा टेकवून दाखवला.

१०:०४

चष्मा आत आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मास्तरांनी काम सोडलं."

"म्हणजे?"

"'यापुढे काही पाठवणार नाही.' एवढंच लिहिलंय. सात एक्केचाळीसला आलीय."

"असं कसं सोडतील? अरे, यांच्यामुळे माझी पोर बोलायला लागली! रागावले असतील माझ्यावर. नंबर आहे?"

"ऑफिसच्या नियमाने घेऊन ठेवलाय. पण 'फोन करू नये' असं बजावलंय त्यांनी."

"तू वाच. मी बघते कशी समजूत काढायची ती."

चष्मा एकेक आकडा वाचत गेला. ती दाबत गेली, घसा साफ करत, पहिलं वाक्य जुळवत. मास्तर, तुमच्या पाया पडते, पण माझ्या भिंगरीला टाकू नका.

तीन आकडे बाकी असताना फोनने ते आपणहून भरले, आणि वर नाव आलं.

लेक.