पावशेरचं पथ्य

पावशेर आंघोळीला गेल्याची खात्री करून आईने भाज्यांच्या सूपमध्ये लोण्याचा चांगला मोठा गोळा सोडला आणि तो विरघळेपर्यंत घाईघाईने ढवळलं. तवंग दिसू नये म्हणून वर मिरपूड भुरभुरवली.

पस्तिशी ओलांडलेल्या पोराच्या जेवणात चोरून लोणी घालायची वेळ येईल, असं कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. जन्मला तेव्हा तो मूठभर होता, म्हणून वडिलांनी त्याला पावशेर म्हणायला सुरुवात केली. पुढे पठ्ठ्याने त्या नावाची पार शोभा करून टाकली. घरचीच बेकरी, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक हा. वडील गेले, भट्टी त्याच्या हाती आली, आणि तेव्हापासून त्याच्या आधी त्याचं पोट दुकानात शिरायला लागलं.

आणि आता हाच माणूस केकच्या ट्रेसमोर उभा राहून उकडलेली कडधान्यं चावत होता. साखर बंद, मैदा बंद, कॉफी काळी. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी लांबवर चालून यायचा आणि धापा टाकत पायरीवर बसायचा.

खरं तर पथ्य असायला हवं होतं आईला. तिच्या यकृताने हात टेकले होते. नवीन यकृतासाठी मोठ्या इस्पितळाच्या यादीत तिचं नाव होतं, पण ती यादी म्हणजे मारुतीचं शेपूट. सुरुवातीला पावशेरचीही तपासणी झाली होती. "नाही चालणार म्हणाले," एवढंच सांगून तो भट्टीकडे निघून गेला, आणि आईने सुटकेचा निःश्वास सोडला. पोराच्या अंगाला सुरी लागलेली तिला खपली नसती. तो विषय तिथेच मिटला.

आता तिला एकच काळजी होती. आपल्यामागे हा रिकाम्या घरात एकटा जेवायला बसणार. दुखण्यापेक्षा हा विचारच तिला जास्त छळायचा.

पावशेर तिचं सगळं बघायचा. मीठ बेताचं, थोडंथोडं पण सारखं खाणं, झोपायच्या आधी डॉक्टरांनी दिलेली पौष्टिक पावडर घालून दूध.

"एक घोट राहिलाय."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"हो. आणि हट्टी आहेस."

एका बाईशी त्याचं फोनवरचं बोलणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा आई मनातून हरखली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत पावशेर हळू आवाजात बोलत होता. "हो, आजही चाललो. ब्रेडला हात लावला नाही, शपथ. ती बारीक होण्याची पावडर ना? तुम्ही सांगितलंत तेव्हाच फेकली. डब्यांवर भरवसा नाही, ताटाकडेच बघतोय."

नंतर मात्र आईचं डोकं फिरलं. ही कोण महाराणी, जिला माझा पोरगा आहे तसा चालत नाही? त्याची गालफडं बसली, सदरे लोंबायला लागले. म्हणून मग लोणी.

एका संध्याकाळी तो बाहेरून आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"काय रे?"

"मी सगळं करतोय गं, आई. कुठे चुकत नाहीये. वजन उतरत होतं ते अडूनच बसलंय. आज त्या म्हणाल्या, अजून नाही."

"खड्ड्यात गेली ती! तुला काय मुलींचा दुष्काळ पडलाय?"

पावशेर दचकला. काहीतरी बोलणार होता, पण नुसताच हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"दुसरी नाही चालणार, आई. हिनेच हो म्हणायला हवं. आणि वेळ फार नाहीये."

वेळ कशाला नाहीये, हे आईला सांगायची गरज नव्हती. आपण असेपर्यंत पोराला हे उरकायचं आहे. आणि आपण त्याच्या ताटात चोरून लोणी घालतोय! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने पावशेरचं ताट स्वतःकडे घेतलं. उभं आयुष्य मैद्यात लोणी मळलेली बाई, पण शिकली. वाफवलेल्या भाज्या, तेलाचा थेंब मोजून, कडधान्यांत लिंबू. पाय सुजले की स्टुलावर बसून चिरायची. जी कोणी असेल तिला एकदाचा पसंत पडू दे, असं पुटपुटत राहायची.

वजन पुन्हा उतरायला लागलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आणि एक दिवस पावशेर दुकानातून धावतच वर घरात आला.

"आई, त्या घरी येतायत. तुला भेटायला."

आईने ठेवणीतलं लुगडं काढलं, केस विंचरले. आलेली बाई चष्मेवाली होती, साधी, खांद्याला मोठी पिशवी. आईला बघताक्षणी आवडली. पावशेर दाराशी हात चोळत उभा होता. हा काही बोलणार नाही, हे ओळखून आईनेच तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तुझ्यासाठी याने तोंडचा घास सोडलाय. असा जीव लावणारा माणूस मिळत नाही गं. आता हो म्हण, म्हणजे मी डोळे मिटायला मोकळी."

बाईने पावशेरकडे पाहिलं. "तुम्ही अजून यांना काहीच सांगितलं नाही?"

बाई आईच्या शेजारी टेकली. धरलेला हात तिने सोडला नाही.

"काकू, मी इस्पितळात आहाराचं बघते. मागे यांना नाही म्हटलं होतं, कारण यांच्या यकृतावर चरबी होती. आता ते स्वच्छ आहे, निम्मं तुम्हाला देता येईल. आमचा होकार झालाय, आता फक्त तुमचा हवाय."