भरलेला कप

"एकशे ऐंशी दिनार," पोरसवदा मॅनेजर म्हणाला, "आणि दुपारचं जेवण आमच्याकडून."

हायिलने त्याच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षं त्याने छपाईच्या यंत्रावर काढली होती. डब्यातली शाई बघून ती कागदावर कशी उतरेल हे तो सांगायचा. जुना छापखाना बंद पडला तेव्हा त्याला साडेचारशे मिळत होते.

"जेवणात काय असतं?" त्याने विचारलं.

"फलाफल."

"रोज?"

मॅनेजरला थट्टा कळली नाही. "गुरुवारी हुम्मुसही असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी तर कहरच झाला. तिथला मालक म्हणाला की पहिले तीन महिने पगार नाही, पण शिकायला खूप मिळेल. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर जे कॅलेंडर लटकत होतं, ते हायिलनेच छापलेलं होतं. हायिलने दात इतके करकचून आवळले की जबड्यात काहीतरी कडकन वाजलं. "मेहेरबानी," एवढंच म्हणून तो उठला.

"काय झालं?" घरी बायकोने, इब्तिसामने, विचारलं.

"शिकायला मिळणार आहे."

ती आधी हसली, मग तोंड फिरवून डोळे पुसू लागली. त्यांची एकुलती मुलगी सिवार नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाच्या नोकरीचं पत्र दाखवलं तर कॉलेज फीचे हप्ते बांधून देणार होतं. मुदत पुढच्या रविवारपर्यंत होती, आणि चारशेच्या खाली पगार असला तर हप्ते झेपणार नव्हते.  सिवारने आपला पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवून दिला होता.

त्या शुक्रवारी इब्तिसामच्या भाच्यासाठी मुलगी मागायला रिवाजाप्रमाणे सगळे पुरुष गेले. पुढे घराण्यातले वडीलधारे हाजी मुफ्लिह काका, मागे तीस माणसं. कॉफी आली. काकांनी कप समोर ठेवला आणि त्याला बोटही लावलं नाही. मुलीच्या बापाने "दिली!" म्हटलं, तेव्हाच कप त्यांच्या ओठांना लागला. पाहुणा भरला कप ठेवून उठला तर यजमानाला चारचौघांत मान वर करता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

परतताना काकांनी हायिलला बाजूला घेतलं. सिवारचा बाप म्हणून सगळे त्याला अबू सिवार म्हणत. "बघितलंस, अबू सिवार? मागायचं तर असं. तू मुलाखतीत बडबडतोस फार."

मंगळवारी अबू सत्तामचा निरोप आला. मूळचा करक गावचा माणूस, अम्मानमध्ये भलाथोरला छापखाना, आणि हात असा आखडता की चिक्कू माणसानेही त्याच्याकडून धडे घ्यावेत. गुरुवारी सकाळी हायिल त्याच्यासमोर जाऊन बसला. वेलदोड्याची कॉफी आली, वाफाळती. हायिलने कप घेतला आणि समोर ठेवला.

"दोनशे वीस," अबू सत्ताम म्हणाला. "बाजार बसलाय, अबू सिवार. तुला काय सांगायचं!"

हायिलने गालावरून हात फिरवला.

"कॉफी घे ना."

हायिलने छातीवर हात ठेवून मान लववली. कप तसाच राहिला.

अबू सत्तामची नजर कपावर गेली आणि तिथेच अडकली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं, दोनशे साठ."

हायिल गालाला तळवा लावून बसून होता.

"तीनशे! वल्लाह, तीनशे मी सख्ख्या भावाला देत नाही!"

कपावरची वाफ विरळ झाली होती. हायिल तिच्याकडेच पाहत होता.

"माझ्या बापाच्या दारातून कुणी भरला कप ठेवून गेलेला नाही," अबू सत्ताम हळू आवाजात म्हणाला. "तू आज जाणार आहेस का?"

तेव्हा कुठे हायिलने दचकून मान वर केली. एक क्षण काहीतरी बोलेल असं वाटलं. मग त्याने मान पुन्हा खाली घातली.

"साडेचारशे! आणि घरच्या सगळ्यांचा विमा! पत्र आत्ताच्या आत्ता टाइप करून देतो. पी रे बाबा, आता तरी पी!"

हायिलने कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. त्याचे डोळे भरून आले होते.

"थंड झाली असेल. थांब, गरम ओततो."

हायिलने घाईघाईने कपावर हात ठेवला. "नको, नको. हीच छान आहे."

अबू सत्तामने त्याला दारापर्यंत पोचवलं. "एकटा आलास," तो म्हणाला, "पण तीस माणसं घेऊन आल्यासारखा बसलास."

परतीच्या वाटेवर हायिलला प्रत्येकाचे आभार मानावेसे वाटत होते. त्याने अल्लाचे मानले, अबू सत्तामचे मानले, बसवाल्याचे मानले. शिकायला मिळेल म्हणणाऱ्या त्या मालकालाही त्याने मनापासून दुवा दिली. त्याच्यावाचून आज हे घडलं नसतं, याची हायिलला खात्री होती.

घरी सिवारने पत्र दोनदा वाचलं आणि कोट कपाटातून काढून खुंटीवर अडकवला. हाजी मुफ्लिह काका कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन धापा टाकत जिना चढून आले.

"कप शिवला नाहीस म्हणे! मीच शिकवलं हो याला, मीच!" ते शेजाऱ्यांना सांगत सुटले.

हायिलने वाकून काकांच्या हाताचं चुंबन घेतलं. "अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, काका," तो म्हणाला.

इब्तिसाम कॉफी घेऊन आली. तिने सगळ्यांना वाफाळते कप दिले आणि शेवटचा, बिनवाफेचा, हायिलसमोर ठेवला.

"तुमची निववून आणलीये. काल ती तडकलेली दाढ काढलीत, डॉक्टरांनी आज दिवसभर गरम काही पिऊ नका म्हणून बजावलंय," ती म्हणाली. "तिथे निवेपर्यंत थांबलात ना?"